चैत्रपालवी, चक्का आणि गाठी

गुढीपाडव्याचं पान दुपारी बारा वाजता वाढायचं असेल तर त्याचं काम तीन दिवस आधी सुरू करावं लागतं. इतर सणांना आदल्या रात्री पुरण शिजवून ठेवलं आणि सकाळी कणीक तिंबली की निभावून जातं. पाडव्याचं तसं नाही. कडुनिंब, श्रीखंड आणि साखरेची गाठी या तीन गोष्टी त्या दिवशी घरात हव्याच, आणि तिन्ही हवेवर अवलंबून असतात. मार्च सरता सरता पुण्यात दुपारी पारा छत्तीस-सदतिसावर जातो, हवा खडखडीत कोरडी असते, पहाट मात्र अजून गार असते. याच हवेत कडुनिंबाला पालवी फुटते, याच हवेत गाठी कडक राहते आणि याच हवेत ओट्यावर टांगलेला चक्का दुपारपर्यंत आंबून जातो. ऊन कुठे वापरायचं आणि कुठे चुकवायचं, हे कळलं की पाडव्याचा स्वयंपाक अर्धा जमला.

पहिलं काम कॅलेंडर बघायचं. चैत्र शुद्ध प्रतिपदा दरवर्षी इंग्रजी तारखेत पुढे-मागे होते. २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ साली ३० मार्चला. २०२६ चा, म्हणजे शके १९४८ चा, १९ मार्चला आणि २०२७ चा ७ एप्रिलला. हा तीन आठवड्यांचा फरक सगळ्यात आधी झाडावर दिसतो. पाडवा एप्रिलमध्ये आला तर कडुनिंब पांढऱ्या बारीक फुलांनी भरलेला असतो, चटणीसाठी फुलं हवी तेवढी मिळतात. मार्चच्या मध्यावर आला तर पालवी नुकती तांबूस असते आणि फुलांसाठी दोन-तीन झाडं पालथी घालावी लागतात. अशा वर्षी फुलांचा हट्ट धरू नये, चिमूटभर मिळाली तरी पुरतात. मात्र झाड आधी बघून ठेवावं. आदल्या संध्याकाळी मंडईत पिवळ्या झेंडूशेजारी कडुनिंबाच्या डहाळ्यांचे भारे लागतात, पण त्यात बहुतेक जून पाला असतो. तो गुढीला उत्तम, खायला नाही.

खायचा पाला आणि गुढीला बांधायचा पाला असे दोन वेगळे घ्यायचे, हे ध्यानात ठेवलं तर दोन्हीकडची फजिती टळते. कोवळी पालवी गुढीला बांधली तर उन्हात तासाभरात माना टाकते आणि दुपारी गुढी केविलवाणी दिसते. जून डहाळी संध्याकाळपर्यंत ताठ राहते. उलट जून पान चटणीत घातलं तर शिरा दाताखाली येतात आणि कडूपणा जिभेच्या मुळाशी तासभर बसून राहतो. चटणीसाठी पोपटी झालेली, पण अजून चकाकणारी, बोटांत चुरगळल्यावर लगेच मोडणारी पानं घ्यावीत. अगदी तांबूस कोंब कमी कडू असतात, पण त्यांना चवच नसते. पोपटी पानच खरं.

झाड ओळखण्यात चूक होते, आणि ही चूक साधी नाही. पुण्यात रस्त्याच्या कडेला आणि सोसायट्यांच्या आवारात कडुनिंबासारखी दिसणारी आणखी दोन झाडं भरपूर आहेत. एक बकाणनिंब. त्याच्या मधल्या देठाला पुन्हा फांद्या फुटतात आणि पानं त्या फांद्यांवर येतात. फुलं फिकट जांभळी असतात, आणि पान गळल्यावरही पिवळसर गोल फळांचे घोस झाडावर लोंबत राहतात. ही फळं विषारी आहेत आणि या झाडाची पानंही खायची नाहीत. दुसरं महारुख. त्याचं पान हातभर लांब, पर्णिका मोठ्या आणि ओबडधोबड दातांच्या, चुरगळली की नकोसा वास येतो. खऱ्या कडुनिंबाचा देठ एकच असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना विळ्यासारख्या किंचित वाकड्या, काठाला करवती दाते असलेल्या पर्णिका असतात. पर्णिका जिथे देठाला चिकटते तिथे तिची एक बाजू रुंद आणि दुसरी अरुंद असते. फुलं पांढरी, मंद गोड वासाची. देठ एकच आहे ना, एवढं बघितलं तरी बकाणनिंब बाजूला पडतो. आणि भाजीवाल्याला ‘गोडनिंब द्या’ म्हणालात तर तो कढीपत्ता देईल. पाडव्याला कढीपत्ता चालत नाही.

वर्दळीच्या रस्त्याकडेच्या झाडाची पानं खायला घेऊ नयेत. पानाच्या खालच्या बाजूला धुराची काजळी चिकटते आणि ती साध्या पाण्याने निघत नाही. आवारातलं, आत असलेलं झाड बघावं आणि पहाटे तोडावं. पानं मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून दोनदा स्वच्छ पाण्यातून काढायची आणि पंचावर पसरायची. फुलं नळाखाली धरायची नाहीत, पाकळ्या गळून जातात. फुलोरा आधी ताटात उलटा झटकायचा, मुंग्या पडून जातात. मग वाडग्यात बुडवून लगेच बाहेर काढायचा.

आता चक्का. पाडव्याच्या सकाळी दुकानासमोर रांगेत उभं राहून चक्का आणणं ही पुण्यातली जुनी रीत आहे, आणि चितळ्यांचा किंवा ओळखीच्या डेअरीचा चक्का आणण्यात काही कमीपणा नाही. विकतचा घेताना दोन गोष्टी बघाव्यात. पिशवीच्या तळाशी पाणी सुटलेलं असेल तर तेवढं वजन पाण्याचं गेलं आणि श्रीखंड सैल होणार. आणि शक्य असेल तर चिमूटभर चाखावा. आंबटपणावर साखरेचं माप ठरतं. पण घरी बांधलेल्या चक्क्याचं श्रीखंड एकदा खाल्लं की पुढच्या वर्षी आपोआप दूध जास्त सांगितलं जातं.

सहा माणसांना दोन लिटर म्हशीचं दूध पुरतं. गाईच्या दुधाचं दही चवीला चांगलं, पण त्यात स्निग्धांश कमी असल्याने चक्का कमी पडतो आणि पोत ठिसूळ येतो. दोन लिटर म्हशीच्या दुधाच्या दह्यातून पाऊण किलोच्या आसपास चक्का निघतो. दूध पाडव्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी तापवायचं. एक उकळी आली की मंद आंचेवर आणखी पाच-सात मिनिटं हलवत ठेवायचं, म्हणजे दही घट्ट लागतं. साय काढायची नाही, दुधात मोडून टाकायची. मग बोट सोसवेल इतकं कोमट झालं की विरजण लावायचं. इथे पुण्याचा उन्हाळा विसरून चालत नाही. थंडीत लिटरमागे एक मोठा चमचा विरजण लागतं, या दिवसांत त्याच्या निम्मंसुद्धा पुष्कळ होतं. जास्त विरजण घातलं तर दही चार तासांत लागतं, आणि आपण झोपेत असताना आंबायलाही लागतं. त्यामुळे रात्री दहाला विरजलेलं दही पहाटे पाच-सहाला बघायचंच. पातेलं कलंडल्यावर दही एकसंध हललं पाहिजे, कडेला पाणी सुटलेलं नको. तसं झालं की लगेच फ्रीजमध्ये. तीन तास गार झालेलं दही बांधलं तर कापडातून दही जात नाही, फक्त निवळ जाते. कोमट दही बांधलं की पहिल्या अर्ध्या तासात खालच्या पातेल्यात पांढरं दूधट पाणी पडतं, आणि ते पांढरं म्हणजे आपलाच चक्का.

कापड जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं, दुहेरी. कडक नवं कापड वापरू नये, खळ असते. कापड गरम पाण्यातून काढून घट्ट पिळून चाळणीवर पसरायचं, दही ओतायचं आणि चारी टोकं एकत्र बांधून टांगायचं. धुण्याच्या साबणाचा वास कापडात राहिला असेल तर तो श्रीखंडात येतो आणि केशराने झाकला जात नाही. म्हणून चक्क्याचं कापड वेगळं ठेवावं, नुसत्या गरम पाण्याने धुवावं आणि उन्हात वाळवावं.

पहिले दोन तास बाहेर टांगलं तरी चालतं, सकाळच्या गारव्यात. त्यानंतर मात्र फ्रीजमध्येच. एक काम बहुतेक जण करत नाहीत आणि म्हणून त्यांचा चक्का मध्ये ओला राहतो: तीन तासांनी गाठोडं सोडायचं. कापडाला लागून असलेला थर घट्ट झालेला असतो, तो आतल्या पाण्याला वाट देत नाही. चमच्याने तो कडेचा थर खरवडून मध्ये घ्यायचा, मधलं ओलं बाहेर सरकवायचं, कापड पुन्हा आवळून बांधायचं. मग चाळणीत गाठोडं ठेवून, खाली पातेलं, वर पाट आणि पाटावर वरवंटा किंवा पाण्याने भरलेला दोन लिटरचा डबा. असं रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी कापड सोडलं की चक्का कापडापासून सालीसारखा सुटा झाला पाहिजे. त्याची गोळी वळून तळहातावर ठेवली तर तळहात ओला होता कामा नये. झाला तर अजून दोन तास. या दोन तासांची घाई केली तर पुढे काहीच दुरुस्त होत नाही, कारण साखर पडली की चक्का आणखी पाणी सोडतो. सैल चक्क्याचं श्रीखंड वाटीत वाढायची वेळ येते, पानात वाढता येत नाही.

खाली साठलेली निवळ ओतून देऊ नये. तिचं पुढे सांगते.

साखरेचं माप वजनावर घ्यावं, वाटीवर नाही. जुन्या घरांत चक्क्याइतकीच साखर असते, किलोला किलो. तेव्हाचं दही आंबट असायचं, त्याला ते माप बरोबर होतं. वर सांगितल्यासारखं ताजं, गोड दही असेल तर पाऊण किलो चक्क्याला साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम साखर पुरते. दळलेली साखर घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती लगेच विरघळते आणि एकदम पाणी सोडवते, शिवाय विकतच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून कधी कधी स्टार्च मिसळलेला असतो, त्याचा जिभेवर पिठूळपणा येतो. बारीक दाण्याची साखर चक्क्यात कालवून, झाकून, दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवायची. साखर आपोआप विरघळते आणि मिश्रण आधी सैल, मग लकाकदार होतं. त्यानंतर पुरणयंत्राच्या सगळ्यात बारीक चाळणीतून फिरवायचं. पुरणयंत्र नसेल तर स्टीलच्या चाळणीवर वाटीच्या बुडाने घासून काढायचं. गुठळ्या मोडतात आणि पोत रेशमासारखा येतो.

मिक्सर आणि हँड ब्लेंडर इथे शत्रू आहेत. पाती वेगाने फिरली की चक्का गरम होतो, त्यातलं लोणी सुटं होतं. म्हशीच्या दुधाला तर ते दोन मिनिटांत होतं. जिभेला मेणचट लागणारे बारीक कण दिसले तर समजावं लोणी निघालं, आणि ते परत मिसळत नाही. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्यावं. पितळेत श्रीखंड कळकतं.

केशर पाऊण किलो चक्क्याला पंचवीसेक काड्या. तवा तापवून गॅस बंद करायचा, त्यावर कागदात केशर अर्धा मिनिट ठेवायचं, मग खलात चुरून एका मोठ्या चमच्याभर गरम दुधात वीस मिनिटं भिजवायचं. दूध यापेक्षा जास्त नको, आपण दोन दिवस पाणी काढण्यात घालवले आहेत. वेलदोडे सात-आठ, जायफळ किसून पाव छोटा चमचा. जायफळ जास्त झालं तर कडवट लागतं, आणि दुपारी सगळं घर झोपतं ते वेगळंच. चारोळी घालण्याआधी एक दाणा चावून बघावा. उन्हाळ्यात चारोळी लवकर खवट होते आणि एक खवट मूठ अख्ख्या पातेल्याची चव घालवते. शेवटी चिमूटभर मीठ. ते बहुतेक पाककृतींत लिहिलेलं नसतं, पण त्याने गोडाला धार येते. तयार श्रीखंड किमान चार तास गार करावं, वेलदोडा-केशर तेव्हाच मुरतं.

साखरेची गाठी बहुतेक घरांत विकतच येते आणि आणावीही. नाशिक-खानदेशाकडे हिला हार-कडं म्हणतात. हलवायाकडे सागवानी साचे असतात, त्यात दोरा अंथरून वर उकळता पाक ओततात. एकावेळी पन्नास माळा काढणाऱ्या हातांची सफाई घरात येत नाही. पण मुलं विचारतात दोरा साखरेच्या आत गेला कसा, म्हणून एकदा घरी करून दाखवण्यासारखं काम आहे. अर्धा किलो साखर, बुडेल इतकं म्हणजे साधारण पावणेदोनशे मिलिलिटर पाणी, उकळी आली की एक चमचा दूध. दुधाबरोबर मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकायची. मग लिंबाचे पाच-सहा थेंब. यापेक्षा जास्त घालू नयेत. आंबटामुळे साखरेचे दोन भाग होतात आणि ती पुन्हा दाणेदार होऊन गोठत नाही. गाठी च्युइंगमसारखी चिकट राहते आणि उन्हात टांगली की लोंबते. पाक गोळीबंद व्हायला हवा: गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची बोटांत घट्ट गोळी झाली पाहिजे. खाली उतरवून बुडबुडे शमले की लाकडी उलथन्याने पातेल्याच्या कडेवर पाक घासायचा. तो पारदर्शकाचा दुधट व्हायला लागतो, आणि त्यानंतर हातात अर्धा मिनिट असतो. भिजवून पुसलेल्या लाकडी साच्यात किंवा तुपाचा हात लावलेल्या छोट्या वाट्यांत सुती दोरा आधीच अंथरलेला हवा. पाक ओतायचा, पंधरा मिनिटं हलवायचं नाही. पातेल्यातच गोठला तर दोन चमचे पाणी घालून पुन्हा गरम करायचा, वाया जात नाही. हे करताना मुलांनी हातभर लांब उभं राहावं. पाकाचा चटका पाण्यापेक्षा वाईट, कारण पाक त्वचेला चिकटून बसतो.

विकत घेताना माळ हातात धरून बघावी. दोरा पदकाच्या बरोबर मधून जातो का? कडेने गेला असेल तर गुढीवर चढवतानाच तुकडा पडतो. बोटाला चिकटता कामा नये, मोडल्यावर कटकन आवाज यावा. घरी आणल्यावर फ्रीजमध्ये ठेवू नये. बाहेर काढताच तिच्यावर दमट बाष्प धरतं आणि ती पाझरते. पुण्याच्या कोरड्या हवेत कागदात गुंडाळून डब्यात ठेवली की पुरे, फक्त मुंग्यांपासून जपावं.

आदल्या रात्री झोपण्याआधी दोन मोठे चमचे हरभऱ्याची डाळ भिजत घालायची. ही विसरली तर सकाळी धावपळ होते. कोमट पाण्यात दोन तासांत भिजते, पण कचवट राहते.

पाडव्याची सकाळ. सूर्योदयानंतर गुढी उभारायची. वेळूची काठी, रेशमी वस्त्र, कडुनिंबाची जून डहाळी, झेंडूचा हार, गाठी आणि वर पालथा तांब्या. गाठी शेवटी आणि बाहेरच्या बाजूला बांधावी. पाल्याच्या आत गेली तर ओल्या पानांनी ती पाझरते.

गुढी उभारायच्या अर्धा तास आधी चटणी वाटायची, त्याहून आधी नाही. वर्षारंभाच्या पूजेत निंबभक्षणाचा जो श्लोक म्हणतात, त्यात कोवळी पानं फुलांसकट घेऊन त्यांत मिरे, मीठ, हिंग, जिरे आणि अजमोदा घालायला सांगितलं आहे. त्यात गोड काहीच नाही. गूळ, चिंच, डाळ ही घरोघरी पडलेली भर, आणि अजमोद्याच्या जागी घरात असतो तो ओवा. शेजारच्या तेलुगू आणि कन्नड घरांत त्याच दिवशी उगादी असते. तेलुगू घरांतल्या पचडीत कडुनिंबाची फुलं, गूळ, चिंच, कैरी, मीठ आणि तिखट अशा सहा चवी पातळ करून पितात, कन्नड घरांत कडुनिंब आणि गूळ म्हणजे बेवु-बेल्ला. आपली चटणी मात्र घट्ट हवी, गोळी वळण्याइतकी.

सहा जणांना माप असं: देठावरून ओरबाडलेल्या सुट्या कोवळ्या पर्णिका पंचवीस, फुलं एक चमचा, भिजलेली डाळ दोन चमचे, मऊ गूळ दोन चमचे, सुपारीएवढी चिंच, जिरे अर्धा छोटा चमचा, ओवा पाव छोटा चमचा, मिरे चार, हिंग हरभऱ्याएवढा, सैंधव चवीपुरतं. चिक्कीचा गूळ घेऊ नये, तो चिवट होतो. आधी दगडी खलात मिरे, ओवा, जिरे, हिंग, मीठ कुटायचं. मग डाळ भरडसर. मग पानं, मधली शीर काढून, हातानेच फाडून. पानांचा लगदा झाला की चिंच, आणि सगळ्यात शेवटी गूळ. गूळ आधी घातला की सगळं निसरडं होतं, बत्त्याखालून पानं सटकतात आणि अख्खीच राहतात. फुलं कुटायची नाहीत, वरून कालवायची. खल पितळी नको, चिंचेमुळे चटणी कळकते. मिक्सरमध्ये एवढ्याशा मापाला पाणी घालावं लागतं, चटणी पातळ होते आणि कडूपणा सगळीकडे पसरतो. कुटलेल्या चटणीत आधी गूळ-मिऱ्याची चव लागते, कडू मागून येतं आणि डाळीबरोबर चावून निघून जातं. हिरवा रंग तासाभरात काळपट होतो, चिंचेच्या आंबटाने तो बदलतोच. चटणी बिघडलेली नसते, पण दोन-तीन तासांनी ती जास्त कडू लागते. म्हणून वाटली की नैवेद्य, आणि नैवेद्य झाला की घरातल्या प्रत्येकाच्या तळहातावर बोराएवढी गोळी, उपाशीपोटी.

बोराएवढी, यावर मी ठाम आहे. लहान मुलांना वाटाण्याएवढी, तान्ह्या बाळाला अजिबात नाही. गरोदर बाईला आग्रह करू नये. ज्यांची मधुमेहाची औषधं चालू आहेत त्यांना एका गोळीने काही होत नाही, पण पाडव्यापासून रोज पेलाभर कडुनिंबाचा रस घ्यायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. कडुनिंबाने रक्तातली साखर उतरू शकते.

पुऱ्या पान वाढायच्या वेळीच तळायच्या. चार वाट्या कणीक, दोन चमचे बारीक रवा, मीठ, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, आणि भिजवायला जपून ठेवलेली निवळ. निवळीने पुरी खुसखुशीत आणि किंचित आंबूस होते. पण निवळीत दुधाची साखर असते, त्यामुळे पुरी लवकर लाल होते. म्हणून निम्मी निवळ, निम्मं पाणी. कणीक घट्ट, वीस मिनिटांपेक्षा जास्त मुरवू नये, नाहीतर पुरी तेल पिते. लाटताना पिठी लावायची नाही. ती तेलात उतरून जळते आणि दहाव्या पुरीपासून सगळ्या पुऱ्यांना काळे ठिपके येतात. लाटीला तेलाचं बोट पुरे. पुरी फुगत नसेल तर तेल गार आहे किंवा कड पातळ आणि मध्य जाड लाटला गेला आहे. उरलेल्या निवळीची कढी होते, बेसन नेहमीपेक्षा थोडं जास्त लावून.

पानात डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, काकडीची कोशिंबीर. उजवीकडे बटाट्याची सुकी भाजी, मसालेभात किंवा वरणभात, आणि मधोमध श्रीखंड. पुरणपोळी करणारी घरंही पुष्कळ आहेत, पण होळीला पंधरा दिवसांपूर्वीच पुरण झालेलं असतं आणि दुपारी छत्तीस अंशांत पोळीच्या तव्यासमोर उभं राहायचं कुणाला बरं वाटतं. गार श्रीखंड या दिवसाला शोभतं. ते फ्रीजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, दुसऱ्या पंगतीला नवं वाडगं काढावं. नीट झाकलेलं चार दिवस टिकतं, तिसऱ्या दिवशी सगळ्यात छान लागतं.

संध्याकाळी सूर्यास्ताआधी हळद-कुंकू वाहून, धणे-गुळाचा नैवेद्य दाखवून गुढी उतरवायची. माळेतली पदकं दोऱ्यावरून मोडून मुलांना द्यावीत, दोरा मात्र आधी ओढून काढावा. उरलेल्या तुकड्यांची पूड करून ठेवली तर अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्ह्यात चालते. गुढीवरची कडुनिंबाची डहाळी टाकून देऊ नये. पानं सावलीत आठवडाभर वाळवायची, मुठीत दाबल्यावर चुरा झाला पाहिजे, जरा जरी ओल राहिली तरी बुरशी धरते. मे महिन्यात वर्षाचे गहू भरताना डब्यात गव्हाचा एक थर, मग मूठभर पाला, मग पुन्हा गहू, असा तो घालायचा.